राणीचे वाक्य

“तापसी चेलना करील,” अण्णा म्हणाले, “आणि राणी अंबिका.”

विष्णुमंदिराच्या सभामंडपात आम्ही मुली अर्धवर्तुळात बसलो होतो. खाली कृष्णेच्या घाटावर कुणीतरी धुणे आपटत होते. शेजारच्या मुलींनी मला कोपराने ढोसले, कारण नाटकातली नायिका, तिचा शालू, तिचा मुकुट, तिचा हिरवा चुडा, सारे माझ्या वाट्याला आले होते. मी मान खाली घातली. त्यांना वाटले, लाजले. मी लाजले नव्हते. माझ्या उजव्या बाजूला पांढऱ्या पातळात बसलेल्या मुलीचे हात मी पाहत होते. ते तिच्या मांडीवर अगदी स्थिर होते, आणि त्यांचे ते स्थिर असणे मला सोसवत नव्हते.

अण्णा म्हणजे माझे वडील, दिगंबरशास्त्री पाटगावकर. कुरुंदवाडास ते मुलींचा संस्कृत वर्ग चालवीत. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षे झाली होती, तरी मुलींना संस्कृत शिकवणे हे आमच्या गावी धाडसच गणले जाई. त्या वर्षी त्यांनी वर्गासाठी स्वतः एक संस्कृत नाटक रचले, ‘तडागप्रतिष्ठा’. मुलींच्या घरून आक्षेप येऊ नये म्हणून त्यांनी युक्ती केली होती. राजाला त्यांनी पहिल्या अंकाच्या आधीच मोहिमेवर धाडले. रंगमंचावर पुरुष म्हणून यायचा तो केवळ एक वृद्ध कंचुकी, म्हणजे अंतःपुराचा कारभारी. आणि त्याचे काम कापसाची दाढी लावून द्वारका जोशी करणार होती.

कथानक साधे होते. राजा दूर असताना राणी चारुलेखा आपल्या स्त्रीधनातून नगरासाठी तलाव बांधवते. तलाव भरतो. प्रतिष्ठेच्या दिवशी कंचुकी राजाचा संदेश घेऊन येतो, की शिलालेखावर राजाचे नाव कोरावे. तेव्हा आश्रमातली तापसी पुढे होऊन सर्वांना विचारते, “कस्य तडागः?” हा तलाव कुणाचा? त्यावर राणी पाण्याकडे पाहते आणि दूर असलेल्या पतीला उद्देशून म्हणते, की माझे नाव पाण्यात आहे, ते दगडावर नको. तापसी तिला आशीर्वाद देते आणि नाटक संपते.

मला राणी नको होती. मला तापसी हवी होती, आणि त्याचे कारण सांगायचे तर आपल्या प्राचीन नाटकांची एक रीत सांगावी लागेल. त्या नाटकांत राजा, मंत्री, ऋषी संस्कृत बोलतात. स्त्रिया प्राकृत बोलतात. राणी कितीही विदुषी असो, पतीने संस्कृतात विचारलेल्या प्रश्नाला तिने प्राकृतातच उत्तर द्यायचे. ज्या थोड्या स्त्रियांना संस्कृताची मुभा असते त्यांत संन्यासिनी ही मुख्य. अण्णांनी आपल्या नाटकात ही रीत तंतोतंत पाळली होती. त्यामुळे साऱ्या स्त्रीपात्रांत एकटी तापसी संस्कृत बोलणार होती.

आणि संस्कृत माझे होते. पाळण्यात असताना मी अण्णांच्या तोंडून ते ऐकले होते. शब्दरूपे मी दळण दळताना पाठ केली होती. द्वारकेची दाढी लावून मला ते बोलायचे नव्हते. मला ते स्त्री म्हणून, स्त्रीच्या वेषात, चार विद्वानांसमोर बोलायचे होते. तेही याच वर्षी, कारण पुढच्या वर्षी मी कुठे असेन हे ठरत आले होते. मिरजेच्या सांगवडेकरांकडून मला मागणी आली होती आणि प्रयोगाला ती मंडळी येणार होती. ते घर प्रकांड शास्त्रपंडितांचे. आई त्या घराविषयी अभिमानाने सांगे, की तिथल्या बायकांचा आवाज माजघराबाहेर कधी कुणी ऐकला नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर मी अण्णांपाशी गेले. ते संध्येची पळी-पंचपात्री मांडत होते. मी म्हटले, “अण्णा, चेलनाला संस्कृत येऊन दोन वर्षं झाली नाहीत.”

“बरोबर.”

“तिचा श आणि ष अजून एकच आहे.”

“तेही ठाऊक आहे मला.”

“मग तापसी तिला का?”

अण्णांनी पळी खाली ठेवली, पण उत्तर द्यायच्या आत आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हाताला पीठ होते. “मी सांगते का ते,” ती म्हणाली. “लग्नाच्या उंबरठ्यावरच्या मुलीनं भगवं अंगाला लावायचं नाही. मिरजेची माणसं समोर बसणार आणि ही रुद्राक्ष घालून वैराग्य सांगणार. काय अर्थ काढतील ती?”

“नाटक आहे ते.”

“तुझं लग्न नाटक नाही, अंबे.”

मी अण्णांकडे पाहिले. ते हळू आवाजात म्हणाले, “चेलनाचं वेगळं आहे बाळ. ती मोकळी आहे.”

मोकळी. तो शब्द मी रात्रभर उराशी घेऊन पडले. माझ्या वडिलांनी दुसऱ्या मुलीला जे विशेषण दिले होते ते माझ्यासाठी त्यांनी कधीही उच्चारले नव्हते.

चेलना मगदूम ही जैनांची मुलगी, माझ्याहून वर्षभराने मोठी. सोळाव्या वर्षी लग्न होऊन त्याच वर्षी ती विधवा झाली आणि मामांकडे राहू लागली. मामांची अडत होती. पोरीचे मन कशात तरी गुंतावे म्हणून त्यांनीच तिला एके दिवशी अण्णांच्या पायांवर घातले. तिच्या आजोळी रोज सायंकाळी प्राकृत स्तोत्रे म्हटली जात. त्यामुळे प्राकृत तिच्या कानांत पाझरलेले होते. म्हणजे जिच्या जिभेवर प्राकृत होते तिला संस्कृत मिळाले आणि जी संस्कृतावर वाढली तिच्या तोंडी प्राकृत आले. वर्गात या उलटापालटीवर मुली हसत. द्वारका म्हणे, “गुरुजींनी पत्रावळी फिरवल्या वाटतं. जिला भात हवा तिच्यापुढं पुरी आणि जिला पुरी हवी तिच्यापुढं भात.” तिच्या बोलण्यात किती तथ्य आहे, ते तेव्हा तिलाही माहीत नव्हते आणि मलाही.

तालमी सुरू झाल्या. मत्सर ही मोठी कष्टाळू वृत्ती आहे. ती माणसाला एकही क्षण स्वस्थ बसू देत नाही. तापसीची सारी भाषणे मी चेलनाच्या आधी मुखोद्गत केली. ती बोलू लागली की माझे ओठ हलत. ती अडखळली की मी पुढचा शब्द मोठ्याने सांगे, मदत म्हणून नव्हे. एकदा तिने ‘शिष्य’ म्हणताना दोन्ही अक्षरे सारखीच उच्चारली, तेव्हा मी सर्वांदेखत तिला थांबवले आणि तो शब्द तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेऊ लागले. चेलनाने न रागावता तो म्हटला. मग अण्णा म्हणाले, “असू दे. तिचा तेवढा श कृष्णेत वाहून गेला तरी अर्थ पोचतो.”

हेच अण्णा. लहानपणी याच एका अक्षरासाठी त्यांनी मला सकाळचे दूध मिळू दिले नव्हते.

पण याहून मला दुःसह होते ते निराळेच. चेलना बोलू लागली की अण्णा डोळे मिटून घेत. सुंदर आलाप ऐकताना जाणकार मिटतो तसे. मी बोलताना ते माझ्याकडे नीट लक्ष देऊन पाहत, माझ्या ओठांकडे, माझ्या चुकांकडे. माझ्यासाठी त्यांचे डोळे एकदाही मिटले नाहीत. मी घरी आरशासमोर तापसीचे वाक्य म्हणून पाही आणि स्वतःलाच विचारी, की तिच्या आवाजात असे काय आहे. तो आवाज जाड होता, किंचित कोरडा. वापरात नसलेल्या विहिरीतून यावा तसा.

आणखी एक गोष्ट मी टिपली होती. राणीचे भाषण मी म्हणू लागले की चेलनाचेही ओठ हलत. अगदी हलकेच, आवाज न करता. विशेषतः राणी ‘अज्जउत्त’ म्हणते तिथे. प्राचीन नाटकांत पत्नी पतीला ‘आर्यपुत्र’ अशी हाक मारते, त्याचेच हे प्राकृत रूप. ते पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिला तापसी पुरली नाही, आता तिचा डोळा राणीवर आहे, असे मी मनाशी पक्के केले.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी कासारीण आमच्या घरी आली. आईने आधीच सांगून ठेवले होते की राणीचा चुडा खरा असावा, म्हणजे मिरजेच्या मंडळींना मी चुड्यात कशी दिसते ते पाहता येईल. चेलना माझे केस विंचरायला आली होती. आईने तिला ओटीवर बसवले. कासारणीने माझ्या पंजाला साबण लावला, अंगठा तळव्यात दुमडला आणि एकेक हिरवी बांगडी चढवू लागली. चेलना उंबऱ्याला टेकून पाहत होती. मध्येच एक बांगडी माझ्या हाडाशी अडली आणि मी ओठ चावले. तेव्हा चेलना ओटीवरून म्हणाली, “हात सैल सोड. बांगडी आपली आपण जाते.”

कासारणीने वर पाहिले. तिने चेलनाचे मनगट पाहिले आणि पुन्हा खाली मान घातली. आईने विषय बदलला.

प्रयोग चार वाजता सुरू झाला. सभामंडपाच्या एका टोकाला पडदे लावून रंगमंच केला होता. पुढच्या जाजमावर मिरजेचे नीळकंठशास्त्री सांगवडेकर बसले होते, माझे होऊ घातलेले सासरे. पाठ भिंतीला न टेकवता, हातात अडकित्ता. बाजूला बायकांत त्यांची पत्नी होती. मागे गाव होते. गावाला संस्कृतही कळत नव्हते आणि प्राकृतही; पण द्वारकेच्या दाढीवर गाव मनापासून हसले, आणि ती दाढी नाकात गेल्यामुळे कंचुकीला राजाचा संदेश शिंकत द्यावा लागला तेव्हा तर नीळकंठशास्त्र्यांचाही अडकित्ता थांबला.

मी अण्णांनी शिकवले तसे सारे बोलले. माझे प्राकृत स्वच्छ होते. मिरजेच्या बाई शेजारणीच्या कानाशी लागून काही बोलल्या आणि दोघींनी माझ्याकडे पाहून मान डोलावली, ते मला दिसले. शेवटचा प्रवेश आला. कापडाचा निळा तलाव मंचाच्या पुढच्या कडेला अंथरला होता. कंचुकीने राजाचे नाव कोरण्याची आज्ञा सांगितली. तापसी पुढे आली. भगव्या वस्त्रात चेलना उंच दिसत होती.

“कस्य तडागः?” तिने विचारले.

अर्थ न कळणारी माणसेही त्या प्रश्नाला थांबली. मी पडद्याच्या फटीकडे पाहिले. अण्णा तिथे उभे होते आणि त्यांचे डोळे मिटलेले होते.

ते मिटलेले डोळे पाहिले आणि माझ्यातले काही तरी सुटले. माझ्या तोंडी जे वाक्य होते ते मला ठाऊक होते. “अज्जउत्त, सलिले मे णामं.” आर्यपुत्र, माझे नाव पाण्यात आहे. ते नम्र, गोड, स्वतःला पुसून टाकणारे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आले आणि मी ते गिळले. मी चेलनाकडे तोंड केले आणि तिच्यापेक्षा मोठ्या, तिच्यापेक्षा स्वच्छ आवाजात म्हणाले,

“मम नाम लिख्यताम्.”

माझे नाव लिहिले जावे.

राणी संस्कृत बोलली होती. पडद्याआडच्या मुलींपैकी कुणीतरी श्वास आत ओढला. द्वारका दाढीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. आता तापसीने आशीर्वाद द्यायचा, पण आशीर्वाद होता राणीच्या त्यागाला, आणि राणीने तर त्यागच केला नव्हता. चेलनाच्या हाती एकही वाक्य उरले नव्हते. मी तिच्या डोळ्यांत पाहत होते. ती अडखळावी, घाबरावी, अण्णांचे डोळे उघडावेत, एवढेच मला त्या क्षणी या जगाकडून हवे होते.

चेलना घाबरली नाही. तिने माझ्याकडे फार वेळ पाहिले. मग दंड आणि कमंडलू खाली ठेवून ती त्या निळ्या कापडापाशी गेली, गुडघ्यांवर बसली, आणि हाताची बोटे पाण्यात बुडवावी तशी कापडाला लावून म्हणाली,

“अज्जउत्त.”

ती थांबली. इतका वेळ की मला वाटले, तिला एवढेच म्हणायचे आहे.

“सलिले मे णामं.”

तो कोरडा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. बायकांत चेलनाची मामी बसली होती. तिने पदर तोंडाला लावला. तिच्या मागे आणखी कुणी, आणखी कुणी. एक अक्षरही न समजता गावातल्या बायका रडू लागल्या. संस्कृत मी तिच्याकडून हिरावले होते, आणि तिने माझे टाकलेले वाक्य असे म्हटले होते की ते पुन्हा माझे होणे शक्य नव्हते. मी मुकुट घालून, शालू नेसून, मंचाच्या मधोमध उभी होते आणि माझ्याकडे कुणीही पाहत नव्हते. द्वारकेने प्रसंगावधान राखून पडदा ओढायची खूण केली.

पडद्यामागे देवळाची भांडी ठेवायची खोली होती. तिथे आम्ही दोघीच होतो. चेलना भगव्या वस्त्राची घडी घालत होती. आतले पांढरे पातळ तिने अंगावर ठेवलेच होते, त्यामुळे तिला बदलायचे असे काहीच नव्हते.

मी म्हटले, “बोल मला काय बोलायचं ते. तुझा प्रवेश मी बिघडवला.”

“तू तुझं वाक्य टाकलंस,” ती म्हणाली. “टाकलेलं मी उचललं. त्यात बोलायचं काय?”

“तुला पाठ होतं ते.”

“सगळी राणी पाठ आहे मला.” तिने घडी नीट केली. “कामं वाटायच्या आदल्या दिवशी मी गुरुजींकडं राणी मागितली होती.”

मी मुकुट काढून खाली बसले.

“माझं लग्न झालं तेव्हा ते पुण्याला शिकायला होते,” ती म्हणाली. “सुट्टीत घरी आले, आठवडाभर राहिले, परत गेले, आणि तिकडंच तापानं गेले. आमचं बोलणं म्हणजे मी ‘पाणी देऊ का’ म्हणायचं आणि त्यांनी ‘नको’ म्हणायचं. घरभर माणसं. हाक मारायची म्हटलं तरी कशी मारायची, ते ठरलंच नाही आमचं. गुरुजींनी नाटक वाचून दाखवलं, त्यात राणी सारखी अज्जउत्त, अज्जउत्त करते. मला वाटलं, हे मला एकदा तोंडानं म्हणू दे. नाटकात का होईना.”

“अण्णा काय म्हणाले?”

“म्हणाले, बाळ, नाटकातला चुडा खोटा हे मला ठाऊक आहे नि तुलाही ठाऊक आहे, पण तुझ्या मामींना मी ते कसं पटवू? कुंकू लावून तुला उभी केली तर उद्या वर्ग बंद पडेल.” ती जराशी हसली. “मग म्हणाले, तापसी घे. तिला कुंकू नाही, बांगडी नाही. तुझी कुणाला हरकत यायची नाही.”

अण्णांचे मिटलेले डोळे मला आठवले. ते सुख होते असे मी दोन महिने समजून चालले होते. आता ते काय होते, मला सांगता येईना. आणि तरीही त्या क्षणी माझ्या मनात सर्वांत आधी आले ते हेच, की ज्यासाठी मी एवढी तळमळले ते हिला केवळ समजूत घालण्यासाठी मिळाले. मत्सराला लाज नसते. तो दुःखाच्या दारातही हक्काने पाय ठेवतो.

“अंबू, जरा हात दे,” चेलना म्हणाली.

मी हात पुढे केला. तिने माझे मनगट धरले, आपल्या कानाजवळ नेले आणि अलगद हलवले. बांगड्या वाजल्या. तिने पुन्हा हलवले. मग माझा हात, दुसऱ्याची वस्तू परत करावी तसा, माझ्या मांडीवर ठेवून दिला.

भिंतीपलीकडे पावले वाजली. नीळकंठशास्त्री अण्णांशी बोलत होते. त्यांचा आवाज बारीक आणि सुस्पष्ट होता. “शास्त्रीबुवा, राणीच्या मुखी संस्कृत आणि तापसीच्या मुखी आर्यपुत्र. हे काय मांडलंत?”



“प्रमाद माझा,” अण्णा म्हणाले. “लिहिताना दोघींच्या वाक्यांची अदलाबदल झाली.”

“पुढच्या प्रयोगाला दुरुस्त करा.” अडकित्त्याचा आवाज झाला. सुपारीचे तुकडे तोंडात गेले असावेत. “बाकी मुलगी आम्हाला पसंत आहे. आवाज मोठा आहे जरा. पण तो घरात आला की बसतो.”

चेलनाने माझ्याकडे पाहिले. “ठरलं तुझं,” ती हळूच म्हणाली. “राणीला मुलगा पसंत आहे का, ते कुठल्या भाषेत विचारायचं असतं?” मला हसू आले, आणि हसता हसता मला रडू आले, आणि तिने तोंडावर बोट ठेवून मला गप्प केले.

वैशाखात माझे लग्न झाले. माझा आवाज बसला. यजमान मुकुंदराव गणिताचे शिक्षक होते. अबोल, फार सज्जन. वाचनालयातून संस्कृत ग्रंथ आणून ते माझ्या उशापाशी ठेवत आणि त्याविषयी कुणाला सांगत नसत. सासऱ्यांच्या विद्वान पाहुण्यांना मी पडद्यामागून चहा देई आणि त्यांच्या वादातली चूक कळली की पातेल्याशी पुटपुटे. मुकुंदरावांना मी मनात अज्जउत्त म्हणत असे. मोठ्याने कधी म्हटले नाही. घरभर माणसे होती.

चेलना पुढे जैन स्त्रियांच्या एका श्राविकाश्रमात शिकवू लागली. तिची व्याख्याने होत. अमुक गावी तिने संस्कृतात प्रवचन केले, तमुक सभेत ती पंडितांशी बोलली, अशी वार्ता कुणी आणली की त्या दिवशी माझी भाकरी करपे. सासूबाई म्हणत, लक्ष कुठे असते हिचे. लक्ष अजूनही त्या सभामंडपातच होते. ती बोलत होती आणि मी चुडा घालून उभी होते.

मुकुंदराव गेले तेव्हा मी पन्नाशीला आले होते. वर्ष सरले आणि घरी तीन गृहस्थ आले. सासऱ्यांच्या स्मरणार्थ मिरजेत जी व्याख्यानमाला चालते तिचे ते चालक. त्यांनी मोठ्या आदराने सांगितले, की माझ्या व्यासंगाविषयी ते फार वर्षांपासून ऐकून होते, पण संसारातल्या बाईला सभेत ओढायचे हे बरे दिसले नसते. त्यांतले वयस्क गृहस्थ म्हणाले, “आता आपण मोकळ्या आहात, वहिनी. आता कुणाची हरकत यायची नाही.”

मी होकार दिला. जे मी अठराव्या वर्षी मागितले होते ते माझ्या दारी चालत आले होते, आणि ज्या दाराने ते चेलनाकडे गेले होते त्याच दाराने.

सभेच्या दिवशी महाविद्यालयातली एक नवविवाहित मुलगी माझ्या खांद्यावर शाल घालायला पुढे आली. शाल सारखी करताना तिचे हात माझ्या कानांजवळ आले आणि हिरव्या बांगड्या वाजल्या. मी तिच्या हातांकडे पाहिले. मग माझ्या हातांकडे पाहिले. मला त्या मुलीचा असा मत्सर वाटला की मी माइकचा दांडा घट्ट धरून उभी राहिले.

समोर पंडित बसले होते. भिंतीवर हार घातलेल्या तसबिरीत नीळकंठशास्त्री होते. संस्कृतातले मंगलाचरण मी दोन आठवडे घासून तयार केले होते. ते ओठांपर्यंत आले आणि मी थांबले.

“अज्जउत्त,” मी म्हणाले. ज्यांना ती हाक होती ते आता ऐकायला नव्हते. मी थोडी वाट पाहिली. “सलिले मे णामं.”

पुढच्या ओळीतल्या एका वृद्ध पंडितांनी संतोषाने मान डोलावली. प्राकृतातले मंगलाचरण त्यांना फार आवडल्याचे दिसले. त्यांचा समज मी मोडला नाही. पाण्याचा घोट घेऊन मी संस्कृतात भाषणाला आरंभ केला.